ढोलाचे कातडे आणि गल्लीपलीकडचे ताट

श्री. माणिकचंदजींना यंदा साठावे वर्ष लागले. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावे असे समितीने कळवले. मी कवायत आणि बँड शिकवणारा मास्तर. लेखणीपेक्षा शिट्टी मला जवळची. पण शेठजींवर चार विद्वान लिहितील आणि त्यात ढोलाच्या कातड्याचा उल्लेख राहून जाईल, या धास्तीने बसलो आहे. शेठजींना यातले काही आवडायचे नाही. त्यांनी रागवावे, मी ऐकून घेईन.

आमची ओळख लाल कापडामुळे झाली. निजामी राजवट संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी जाफराबादहून नव्या जालन्यातल्या शाळेत नोकरीला लागलो. शाळेने मोडीत निघालेल्या एका पलटणीची वाद्ये लिलावात घेतली होती. हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकाने पेट्या उघडून दाखवल्या. बिगुल होते, क्लॅरिनेट होत्या, बारके ड्रम होते, एक मोठा ढोल होता. फक्त या वाद्यांना जे लागते ते नव्हते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती बसवावी लागते, तिच्यावाचून ती नुसती काळी काठी. तशी धड पत्ती एकही नव्हती. बिगुलांची मुखे हरवलेली, ड्रमच्या दोऱ्या कुजलेल्या, टिपऱ्यांचा पत्ता नाही आणि ढोलाचे कातडे उभे फाटलेले. पोरे मात्र रोज विचारायची, "सर, आपला बँड कधी वाजणार?"

पोरांच्या पट्ट्यांसाठी लाल कापड घ्यायला मी पूल ओलांडून जुन्या जालन्यात गेलो. तिथे शेठजींचे आणि त्यांच्या थोरल्या बंधूंचे कापडाचे दुकान होते. कापड मोजता मोजता शेठजींनी विचारले, "इतकं लाल कशाला, मास्तर?" मी सगळे रडगाणे गायलो. त्यांनी गज खाली ठेवला. लहानपणी हैदराबादला मामांच्या गच्चीवरून त्यांनी पलटणीचा बँड ऐकला होता, तेवढ्या शिदोरीवर ते म्हणाले, "मी मुंबईला मालासाठी जातोच. लागंल ते आणून देतो. तुम्ही बिलकुल फिकीर करू नका."

आणि त्यांनी आणले. कापडाच्या ठाणांमागे एक फळी रिकामी झाली. तिच्यावर पत्त्या, दोऱ्या, टिपऱ्या, बिगुलांची मुखे, बिगुल पुसायच्या चिंध्यासुद्धा आल्या. हळूहळू भोकरदन, अंबडपर्यंतच्या शाळा त्या फळीवर जगू लागल्या. गंमत अशी की, शेठजींना स्वतःला एकही वाद्य येत नाही. साधी शिट्टीही धड वाजत नाही. पण पत्ती घेतलेल्या मुलाने ती तिथेच वाजवून दाखवल्याशिवाय ते त्याला हलू देत नसत. साड्या बघायला आलेल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. "तोंडात धरून आधी ओली कर. जल्दी करू नको," ते सांगायचे. एका मुलाची पत्ती आठवड्यात चावून चोथा झाली, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारले, "घरी जेवायला घालून राह्यले ना तुला?"

ढोलाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. शेठजींचे घराणे जैन. राजस्थानातून येऊन जालन्यात पिढ्या गेल्या, तरी नेमधर्म जराही सैल झालेला नाही. हाडा-कातड्याचा व्यापार त्यांच्याकडे पूर्ण वर्ज्य. थोरले बंधू म्हणाले, "दोरी ठेव, टिपऱ्या ठेव. कातडं आपल्या दुकानात येणार न्हाई. माँजींना तोंड कसं दाखवायचं?" माँजी म्हणजे त्यांच्या मातोश्री. बंधूंचे चुकत होते असे मला तेव्हाही वाटले नाही. शेठजींनाही वाटले नाही, तीच तर अडचण होती.

मेलेल्या जनावराचे कातडे असेल तर कोणाचा जीव आपल्यामुळे जात नाही, असा मार्ग त्यांनी स्वतःपुरता काढला. मुंबईच्या दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "शेठ, कातडं देतो, त्याची कुंडली आमच्याकडे नसते." मग आम्ही दोघे गावाबाहेर कातडी कमावणाऱ्या किसनरावांकडे गेलो. शेठजींनी प्रत्येक कातड्यापुढे उभे राहून "हे आपल्या मौतीनं गेलं का?" असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा किसनराव वैतागले. "आता जनावराची गवाही आणू का, शेठ?"

त्याच थंडीत जाफराबादला आमच्या म्हशीचे रेडकू दगावले. मी सुट्टीला घरीच होतो, त्याला रात्रंदिवस शेकत बसलो होतो. ते गेल्यावर वाईट वाटले ते वाटलेच, पण मनात ढोल आला हेही खरे. मीठ लावलेल्या कातड्याचे गाठोडे घेऊन मी मोटारीत बसलो. माझ्या बाकावर जालन्यापर्यंत कोणी बसले नाही. शेठजींनी ते गाठोडे दोन्ही हातांनी घेतले आणि एवढेच विचारले, "त्याला तरास झाला का फार?" किसनरावांनी ते कमावून, तासून ढोलावर चढवले. प्रजासत्ताक दिनाला आमचा ढोल घुमला आणि मी मैदानावर सर्वांदेखत रडलो.

त्या ढोलाची किंमत कोणी दिली, हे जालन्यात थोड्यांनाच ठाऊक आहे. शेठजींनी आपण होऊन मातोश्रींना सांगितले, "माँजी, या हातांनी मी कातडं घेतलं, पुढंही घेईन. हे हात घेऊन तुमच्या चुलीपाशी येणं बराबर न्हाई." माँजी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू तुझं ठरवलं. माझा नेम मला मोडता येत न्हाई." शेठजींनी घरासमोरच गल्लीपलीकडे एक गाळा घेतला, ती फळी तिथे हलवली आणि माडीवर राहू लागले. पत्नी पूर्वीच निवर्तलेल्या, मूलबाळ नाही. घरून दोन्ही वेळचे झाकलेले ताट गल्ली ओलांडून यायचे आणि शेठजी एकटे जेवायचे.

एकटे तरी कुठे धड जेवायचे! त्यांच्यात सूर्य बुडाल्यावर अन्न घेत नाहीत. आणि आमची पोरे शाळा सुटल्यावर, पूल ओलांडून, नेमकी त्याच वेळी गाळ्यात थडकायची. कोणाची दोरी तुटलेली, कोणाची पत्ती चिरलेली. मूल दारात दिसले की शेठजी ताटावरचे झाकण परत ठेवायचे. दोरी ओवून व्हायची तोवर अंधारायचे आणि ताट होते तसे परत जायचे. मी किती वेळा भांडलो! "उद्या या म्हणून सांगा की त्यांना." ते म्हणायचे, "उद्या त्याचा उत्साह राह्यला न्हाई तर?" समोरच्या ओट्यावर माँजी बसलेल्या असत. भरलेले ताट परत येताना त्या रोज बघत.

माझेही कुटुंब जाफराबादला, मी इथे खोली घेऊन राहणारा. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या गाळ्यात जाऊन बसायचो. दोन एकटी माणसे एकत्र बसली म्हणजे सोबत होतेच असे नाही. एकदा ते समोर बघत म्हणाले, "मास्तर, चार पावलांची गल्ली हाय. पण रोज पाहत बसलं की लई लांब वाटती."

आमची प्रभातफेरी दर वर्षी त्याच गल्लीतून जाते. शेठजींनी पहिल्याच वर्षी मला बजावले होते, "माँजींच्या दारावरून ढोल वाजवू नका. त्यांना क्लेश नकोत." तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी ढोल थांबायचा, पोरे मनातल्या मनात ताल धरून चालायची आणि गल्ली संपली की ढोल पुन्हा सुरू व्हायचा. शेठजी गाळ्याच्या पायरीवर हात जोडून उभे असत. आपल्या ढोलाचा आवाज त्यांनी आपल्या दारात कधीच ऐकला नव्हता.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला चातुर्मास चालू होता, म्हणजे घरात नेमधर्म अधिकच कडक. ऐंशीकडे झुकलेल्या माँजींची नजर आता अधू झाली आहे, कान मात्र तिखट आहेत. ढोल थांबला, आम्ही गल्लीत शिरलो, तशी त्यांनी काठी आडवी धरली. सगळी फेरी थबकली. मला म्हणाल्या, "मास्तर, इतकी वर्षं ऐकून राह्यले मी. लांबून ढोल येतो अन् माझ्याच दारात मुका होतो. माझ्यापायी का?"

मी मान हलवली. मग त्यांना नीट दिसत नाही हे आठवून "हो" म्हणालो.

"कुणाचं कातडं हाय?"

"आमच्या घरच्या रेडकाचं. थंडीनं गेलं. मी त्याच्यापाशीच होतो, माँजी."

एव्हाना थकलेल्या पोराने ढोल गळ्यातून काढून खाली टेकवायला घेतला होता. माँजींना कशी चाहूल लागली कोण जाणे. त्या म्हणाल्या, "चिखलात नको ठेवू रे. इथं ठेव." आणि त्यांनी आपल्या शेजारी ओट्यावर हात थोपटला. पोराने माझ्याकडे पाहिले आणि ढोल ओट्यावर ठेवला. "आता वाजव," त्या म्हणाल्या. शेठजी समोरच्या पायरीवर उभे होते. ढोल घुमला, तेव्हा मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी मी गाळ्यात होतो. ताटाची वेळ झाली, ताट आले नाही. सकाळच्या प्रकाराने माँजी दुखावल्या, अशी शेठजींची खात्रीच झाली. इतक्यात शेठजींच्या वहिनींनी समोरून हाक मारली, "भाईजी, माँजी बोलवून राह्यल्या." ताट ओट्यावर मांडलेले होते, सकाळी जिथे ढोल होता तिथेच. माँजी उंबरठ्याच्या आत बसल्या होत्या. "चुलीपाशी न्हाई," त्या म्हणाल्या, "पण इथवर ये." शेठजींनी गल्ली ओलांडली आणि ते जेवायला बसले. दोन घास झाले नाहीत तोच तुटलेली दोरी घेऊन एक मुलगी गाळ्यापाशी आली. शेठजी उठू लागले. आतून माँजींचा आवाज आला, "बस. ती थांबंल. थांबशील ना गं?"

ती थांबली. शेठजींचे जेवण होईपर्यंत ती आणि मी गाळ्याच्या पायरीवर बसून राहिलो.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा असे म्हणतात, आणि शेठजींनी शंभरी गाठावी, त्यांची प्रकृती खणखणीत राहावी हे मागणे माझेही आहेच. पण माझी खरी प्रार्थना लहान आहे. बँडच्या पोरांनो, तुम्हीही ऐका. दोरी तुटली, पत्ती चिरली, तर सूर्य बुडेपर्यंत कळ काढा. शेठजी समोरच्या ओट्यावर जेवत आहेत.