चौघांचा पास

कुवेतच्या पेपरात दर काही महिन्यांनी लोकसंख्येच्या तोलाची बातमी येते. तिघांत एक माणूस देशाचा आणि दोघे आमच्यासारखे बाहेरचे, हे बरं दिसत नाही, तेव्हा बाहेरचे कमी करायचे. ते गेल्यावर एसी कोण दुरुस्त करणार आणि म्हाताऱ्यांना आंघोळ कोण घालणार, हे बातमीत नसतं. मी इथल्या महबूला भागात इतकी वर्षं राहते आहे की ही बातमी आता हवामानाच्या बातमीसारखी वाचते. आमच्या मराठी मंडळात मात्र ती निघाली की एकेकाच्या अंगाचा तिळपापड होतो.

"यांचा देश आपण उभा केला," असं आमचे खजिनदार दर वेळी म्हणतात. ते झेरॉक्सची मशिनं विकतात. हीच मंडळी सुट्टीत ठाण्या-पुण्याला गेली की पहिल्याच संध्याकाळी परप्रांतीयांचे लोंढे, बिघडलेलं शहर आणि भूमिपुत्रांवरचा अन्याय यावर तावातावाने बोलतात. मी एकदा विचारलं, की मग इथले लोक आपल्याबद्दल हेच बोलले तर कुठे बिघडलं? खजिनदार म्हणाले, "ते वेगळं." आमच्या मंडळातले निम्मे वाद याच दोन शब्दांवर मिटतात.

कुवेतमध्ये बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर, मग त्याच्या मुली लग्नाला आलेल्या का असेनात. अशा पुरुषांनी कुटुंबांच्या वस्तीत राहू नये, म्हणून सरकार अधूनमधून इमारती रिकाम्या करतं. एका बैठकीत आमच्या अध्यक्षांनी तशीच एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली, माणसाला माल समजतात म्हणून संताप केला, पाणी प्यायले, आणि पुढचा विषय घेतला: यंदापासून स्नेहसंमेलनाला फक्त फॅमिली पास. कंत्राटावर आलेले कोकणातले सुतार, प्लंबर, वेल्डर हल्ली फार यायला लागले होते. "मंडळाचा तोल बिघडतोय," अध्यक्ष म्हणाले. अगदी हाच शब्द. कोणी हसतंय का म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माना डोलावत होते.

मी सेक्रेटरी. कोणाची तक्रार आली आहे का, असं मी विचारलं. तक्रार येईपर्यंत थांबायचं का, असं उलट मलाच विचारण्यात आलं. आपल्या मुली स्टेजवर नाचतात आणि हे लोक पुढे बसून बघतात, हे कोणाला आवडेल? मी म्हटलं, नाच बघण्यासाठीच असतो. मग समोसे आले आणि ठराव मंजूर झाला.

आमच्या संमेलनाचं स्टेज दर वर्षी एक देवरुखकडचा सुतार बांधतो. तो सुलैबियाला कंपनीच्या कॅम्पात राहतो. गुरुवारी काम संपलं की दोन जोडीदार घेऊन शाळेच्या हॉलवर येतो, फळ्या ठोकतो, पडदे लावतो, आणि शुक्रवारी कार्यक्रम होईपर्यंत मागे उभा राहून सामान उचलतो. मंडळ त्याला जेवणाचं पाकीट देतं, तेही मागच्या दाराने, आणि याला सेवाभाव म्हणतं. सेवा त्याची, भाव आमचा.

ठराव झाल्यावर काही दिवसांनी तो स्टेजचं माप घ्यायला आला होता. रमजाननंतर त्याचं कंत्राट संपणार होतं आणि कंपनी ते पुढे वाढवणार नव्हती. कायमचा गावी चालला होता. टेप गुंडाळता गुंडाळता मला म्हणाला, "बाय, येक सांगायचा होता. ह्या वर्साला कार्यक्रम समोरशी बघायचा हाय. खुर्चीत बसून. इतकी वर्सां मागनंच बघतोय, नाचनाऱ्यांच्या पाठीच दिसतात."

एवढंच मागणं होतं. मी ते बैठकीत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, आज एकाला सोडलं तर उद्या अख्खा कॅम्प दारात उभा राहील. वर त्यांनी उदार होऊन सुचवलं की त्याला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू, आणि मग त्याने मागे जावं. मी म्हटलं, त्याला शाल नको आहे, खुर्ची हवी आहे. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. ज्या माणसाने नियम आठवड्यापूर्वी केला, तो नियमापुढे इतका हतबल झालेला मी प्रथमच पाहिला.

मग अध्यक्षांवरच पाळी आली. सरकारी कंत्राटावरची त्यांची ऑफिसातली जागा एका कुवेती तरुणाला मिळाली आणि कंपनीने त्यांना कमी पगारावर गोदामात टाकलं. बायकामुलांना इथे ठेवायचं तर पगाराची अट असते. ती मोडली, कुटुंबाचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढला नाही, आणि संमेलनाच्या थोडंच आधी वहिनी दोन्ही मुलांना घेऊन पुण्याला गेल्या. अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं की मुलांच्या शिक्षणासाठी पाठवलं. सगळ्यांना खरं माहीत होतं. मला मनापासून वाईट वाटलं. वहिनी भल्या बाई. त्या घरात माणूस म्हणावं अशा त्याच.

माझं वाईट वाटणं पुढच्या बैठकीपर्यंत टिकलं. तिथे पास वाटले गेले, आणि अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेतला चौघांचा पास उचलून खिशात घातला. एकट्याचा मागितला असता तर आपण कोण झालो ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. खजिनदार हळूच म्हणाले, "साहेब मूळचे फॅमिलीच." मी म्हटलं, सुतारही मूळचा फॅमिलीच आहे, त्यालाही बायको आणि दोन मुली आहेत.

"ते वेगळं," खजिनदार म्हणाले. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

संमेलनाच्या दिवशी पास तपासायला दारात मीच होते. अध्यक्ष रेशमी कुर्ता घालून, अत्तर लावून एकटेच आले. त्यांच्या मागोमाग सुतार आणि त्याचे दोघे जोडीदार आले. स्टेज बांधून झालं होतं, आंघोळ करून इस्त्रीचे शर्ट घातले होते. आत सोडणार की नाही एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांच्या मागे फॅमिल्यांची रांग लागली होती.

मी अध्यक्षांचा पास हातात घेतला. "चौघांचा आहे," मी म्हटलं. "बाकीचे तिघे?"

त्यांनी आवाज खाली आणला. "माझी फॅमिली पुण्यात आहे. माहीत आहे तुम्हाला."

"आमची पन हाय ना, साहेब," मागून सुतार म्हणाला. "देवरुखला हाय."

त्यात टोमणा नव्हता. साहेबांना आणि आपल्याला एकच दुःख आहे असं वाटून तो बोलला. मी पास फाडला, चौघांना आत घेतलं आणि पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी तोंड उघडलं. मागे अर्धं मंडळ ऐकत होतं. नाही म्हणायचं तर मी एकटाच आहे, हे रांगेसमोर मोठ्याने म्हणावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि चालू लागले. मला इतका आनंद झाला की लपवता येईना, आणि लपवायची इच्छाही नव्हती.

सुतार वहिनींच्या खुर्चीत बसला. पोरींचा कोळीनाच झाला तेव्हा त्याने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मान ताठ करून समोर बघत होते, आणि दुसऱ्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.

मध्यंतरात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. स्टेज बघू द्या म्हणाल्या, म्हणून अध्यक्षांनी फोन फिरवला, तर आधी शेजारची माणसं दिसली. सुताराने दचकून हात जोडले. "वैनी, तुमच्या खुर्चीत बसलोय," तो म्हणाला. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. वहिनींनी त्या तिघांकडे नीट पाहिलं.

"बसा, बसा," त्या म्हणाल्या. "मला आपली काळजी, हे एकटेच बसले असतील म्हणून."

अध्यक्षांनी फोन खिशात ठेवला. मग मान न वळवताच त्यांनी सुताराला विचारलं, "मुली कितवीत आहेत?"