चष्म्याची अट

साखरपुड्याआधी चष्मा गेला पाहिजे, अशी बारडोलीच्या मुलाकडच्या लोकांची अट होती. आमच्या घरात ती कुणाला खटकलीसुद्धा नाही. ब्लाउज शिवायला टाकायचे, पत्रिका छापायच्या, हिचे डोळे लेझर करून आणायचे, अशी सगळी कामं एका दमात ठरली. माझं मत विचारायची कुणाला गरज वाटली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मीही खूश होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ नाही म्हणाले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे फुगत चालला होता, म्हणून माझा नंबर सारखा बदलत होता. लेझर तो पडदा आणखी तासतो. "तुम्ही केलंत तर आहे तेही दिसणार नाही. आधी हा आजार थांबवायचे उपचार करू," ते म्हणाले.

घरी येऊन मी हे आईला आणि मामाला जसंच्या तसं सांगितलं. मामा साड्यांच्या मार्केटमध्ये माल तपासतो. साडीत खोट निघाली की ती रफूला जाते आणि घडी घालून चांगल्या मालात परत येते. गिऱ्हाइकाने घरी नेल्यावर धागा सुटला तर तो त्याचा प्रश्न. हेच त्याने आयुष्यभर केलं.

"त्या डॉक्टरनं काय आयकानं? दुसरीकडे करी लेऊ," तो म्हणाला. "रिपोर्ट कोनले दखाडू नको."

"आणि मी आंधळी झाले तर?"

"लगीन व्हई जाऊ दे. मंग सासरना लोके देखी लेतीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई शेजारीच बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. तिने मान वर केली नाही. तिचा मला मामापेक्षा जास्त राग आला, अजूनही येतो.

मी तिथेच फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि मुलाच्या आईला सगळं सांगितलं. आजार, पातळ झालेला पडदा, लेझर केलं तर दृष्टी जाण्याची भीती. मामा हातवारे करत होता, मी पाठ फिरवली.

मग त्या बाईंनी विचारलं, "मंग चष्मा ऱ्हाईच का?"

"राहील," मी म्हणाले. "पण तुमच्या घरी येणार नाही."