वाढत्या अंगाची ढील

आमच्या गल्लीत तिला सगळे टेप म्हणतात. शिंप्याची पोर, कळायला लागल्यापासून गळ्यात मापाची टेप, मग दुसरं नाव शोधायचे कष्ट कोण घेणार? घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी ही पहिली. बापाचं ठरलेलं होतं, पोरगी बँकेत बसणार, पंख्याखाली. पोरीचं वेगळंच झालं. बारावीनंतर हॉस्पिटलचे शिवलेले गणवेश पोचवायला गेली आणि मागच्या बाजूच्या कारखान्यात, जिथं कृत्रिम पाय बनवतात तिथं, दारातच खिळली. एक माणूस प्लॅस्टरचा साचा कानशीने तासत होता. तिला दोनदा हटकलं तरी हलेना. शेवटी तिनेच विचारलं, "हे शिकायला काय लागतं?"

बाप म्हणाला, "डॉक्टर नाही, नर्स नाही. मग लोकांना सांगायचं काय?"

"पाय शिवते म्हणून सांगा," ही म्हणाली.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर, भांडून झालं. अपंगांच्या कामासाठी त्या पायांच्या कारखान्यात माझं जाणं-येणं असायचं, म्हणून तिच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला मीच तिच्याकडे आमच्या पैलवानाला नेलं. हा पैलवान म्हणजे काडीसारखा हमाल. ट्रकखाली गुडघ्याखालचा पाय गेला, तेव्हापासून घराबाहेर पडायचा नाही. आणला तर तिला शिकवणाऱ्या सरांनी त्याचा पाय टेपच्या हाती दिला. सगळं तिनेच करायचं, तीच तिची परीक्षा.

पाय घालून बघायच्या दिवशी ती मला पायऱ्यांवर भेटली. तोंड पांढरंफटक.

"ताई, मी घोळ केलाय."

सकाळी बाप एका पोराचा सदरा बेतत होता. शिवणीत वाढत्या अंगाची ढील सोडताना हिने बघितलं आणि हिला आपली चूक कळली. गुडघ्याखालचा उरलेला पाय बसतो त्या वाटीत, सॉकेट म्हणतात तिला, हिनेही ढील सोडली होती. साचा तासताना हात सवयीने थांबला, थोडं जास्तच राहू दिलं. आमच्या सगळ्यांच्या घरात कपडा असाच शिवतात, दोन वर्षं पुरला पाहिजे. पण तुटलेला पाय वाढत नाही, उलट आटतो. ढिल्या वाटीत तो खाली सरकतो, हाड घासतं, कातडी सोलते. माणूस आपटतो तो वेगळाच.

"मग सरांना सांग जा," मी खेकसले.

"काढून टाकलं तर?"

"काढतील कशाला?"

"काढत नाहीत? तुम्हाला माहितेय?"

मला काय माहीत असणार? पोलिसांच्या दांडक्यासमोर उभी राहते मी, पण कॉलेजवाले कशासाठी काढतात, काढलेल्याला परत घेतात का, हे आमच्या गल्लीत विचारायचं कुणाला? शिकलेल्या घरातल्यांना मोठा भाऊ असतो, आत्या असते. हिला मी होते.

आत पैलवान धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मध्ये खुर्चीवर बसला होता. आज दाढी केलेली. सर म्हणाले, "चला, चढवा पाय." तिने चढवला, पट्टा ओढला. पैलवानाने दांड्या धरल्या, ढुंगण उचललं, तेव्हा कुठे हिच्या तोंडून आवाज फुटला.

"काका, उभं राहू नका."

"का गं?"

"सैल आहे. माझी चूक आहे. मी ढील सोडलीय."

सरांनी वाटीत बोट घालून फिरवलं. सहज फिरलं. ती दाराकडे बघत राहिली, जसं बाहेर जायचंच आहे, फक्त कुणी जा म्हणायची खोटी.

"मला काय वाढायचं वय राहिलंय का बाई?" पैलवान म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही नाही.

सर त्याच्याकडे वळले. "पाय तुमचा आहे. नवा साचा लागेल. हिच्याकडून करून घ्यायचा की दुसऱ्या कुणाकडून, तुम्ही सांगा."

माझ्या जिभेवर चार शिव्या आल्या होत्या. पोरीचं सगळं शिक्षण त्या काडीच्या तोंडावर टांगलेलं, आणि तो आपला खाली, पट्टा सोडलेल्या गुडघ्याकडे बघत बसलेला. त्याला भीती वाटत होती, दिसत होतं मला. एकदा ट्रकखाली गेलेला माणूस दुसऱ्यांदा कुणावर भरवसा का ठेवेल?

"पडलो असतो का मी?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"आणि तू बोलली नसतीस तर सरांना कळलं असतं?"

"तुम्ही पडल्यावर."

त्याने पँट मांडीपर्यंत गुंडाळली. "हिलाच करू द्या. ही सांगते तरी."

ओलं प्लॅस्टर गुंडाळताना ती दर वेढ्याला विचारायची, आवळतंय का, इथं टोचतंय का. पैलवान वैतागला, "अगं, वरातीला नेतेयस का मला? गुंडाळ मुकाट्याने." तरी विचारायची थांबली नाही.

नवीन वाटी तयार झाली, तेव्हा तो परत त्याच दांड्यांमध्ये उभा राहिला. पुरा भार टाकला. ती गुडघ्यावर बसून वाटीच्या काठाकडे बघत होती.

"लागतंय?"

"नाही."

"खरं सांगा काका."

"पोरी, नाही लागत."

"मग एक पाऊल टाका," ती म्हणाली. दांडीला धरून तशीच बसून राहिली, तो पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत.