शिकाऊ बाईचं पोट

पाहुण्यांना टेबलावरच्या जागा दाखवता दाखवता शिकाऊ बाई खाली कोसळली. मी सुपाचं भांडं बाजूला ठेवलं आणि तिच्या पोटाला हात लावला. पोट लाकडासारखं कडक होतं.

मी बहरीनला एका फ्रेंच साहेबांकडे स्वयंपाकाला होते. साहेब वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर. मी वसईची, चौथी शिकलेली. ही बाई पॅरिसच्या एका शाळेतून आलेली. तिथे सरकारचे बडे अधिकारी तयार करतात. शिकताना त्यांना काही महिने असं बाहेर कामाला धाडतात. शेवटी साहेब शाळेला अहवाल लिहितो, त्याचे मार्क, आणि मार्कांवर नंबर. वरच्या नंबराला हवं ते खातं मिळतं, खालच्याला उरलेलं, तेही जन्मभर. हे तिनंच मला ओट्याशी उभं राहून सांगितलं होतं.

दोन दिवस तिचं पोट दुखत होतं.

"साहेबांना सांगू नका, मादाम," ती म्हणाली. "लिहितील, हिला इथलं ऊन झेपत नाही."

मला मादाम म्हणणारी ती एकटीच. मी साहेबांना सांगितलं नाही. आमच्याकडे पोट दुखलं की ओवा आणि शेक. मी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. त्या सकाळी दुखणं एकदम थांबलं. "बघा, बरी झाले," म्हणाली आणि टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या मांडायला गेली.

हॉस्पिटलात नेताना साहेबांचा ड्रायव्हर, चिपळूणचा, म्हणाला, "काय दिलंस गो मावशी तिला?"

"ओवा. आणि शेक."

"शेकाचं बोलू नको. व्हिसा खलास होईल तुझा."

"तू गाडी चालव. यल्ला, चल लवकर."

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला विचारलं. मी शेकासकट सगळं सांगितलं. "अपेंडिक्स फुटलंय, म्हणून सकाळी दुखणं थांबलं. अशा पोटाला शेक कुणी द्यायला सांगितला?" ते माझ्यावर ओरडले आणि तिला आत घेऊन गेले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही मार्क देणार होता," मी म्हटलं.

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला काढलं नाही. अहवालात काय लिहिलं, तिचा कितवा नंबर आला, मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती.

ती जगली.