बाबांचा आखूड कागद

कोर्टात लांबलचक लीगल कागदाऐवजी ए-फोर चालू लागला, तेव्हा आमच्या घरी बाबांनी सुतक पाळलं. बाबा अलिबागला वकिली करतात, मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि अजून त्यांच्याच टेबलापाशी बसते. आई मांडव्याकडच्या शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. सुतक अर्थातच एकट्या बाबांना होतं. मजकूर जरा रंगात येतो तोवर पान संपतं, अशी त्यांची तक्रार. ई-फायलिंग आलं, व्हिडिओवरच्या तारखा आल्या, ते सगळं त्यांनी कुरकुरत का होईना पचवलं होतं. कागदापाशी मात्र गाडी अडली. आता कोट खुंटीला टांगायचा, वाडीतल्या नारळ-सुपारीकडे बघायचं, असं ते रोज जेवताना बोलू लागले. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग ते खरंच नवीन कामं माझ्याकडे ढकलू लागले, तेव्हा मला हसू येईनासं झालं.

एका रविवारी मी ए-फोरचं रीम घरी आणलं. बाबांनी पट्टी घेऊन त्यातला एक कागद मोजला. रुंदी दोनशे दहा मिलिमीटर, लांबी दोनशे सत्त्याण्णव. झालं, त्यांना नवं निमित्त मिळालं. सरळ तीनशे करायला कुणी हात धरला होता का, की मोजणाऱ्याची पट्टीच तुटकी होती, हे ते ओटीवर येरझाऱ्या घालत आम्हाला विचारत राहिले.

आई तिथेच बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. "ती संख्या कुणी मनाने घेतलेली नाही हो," ती शांतपणे म्हणाली. "ती आपोआप येते."

तिने पदराला हात पुसले आणि एक कागद घेतला. मुलं चौरस करायला दुमडतात तसा आखूड बाजूचा कोपरा लांब बाजूवर आणला. तिरकी घडी पडली. त्या घडीशेजारी तिने दुसऱ्या कागदाची लांब बाजू धरली. दोन्ही अगदी सारख्या भरल्या.

बाबा खाली बसले.

आईने समजावलं ते असं. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या वर्गमूळ दोन पट असतो, आणि या कागदाची लांबी रुंदीच्या नेमकी तितकीच पट ठेवलेली आहे. त्यामुळे कागद मधोमध दुमडला तरी अर्ध्याचा तोंडवळा तोच राहतो. त्याचा पुन्हा अर्धा केला तरी तोच. हा गुण दुसऱ्या कुठल्याच प्रमाणाच्या आयतात नाही. बाबांनी उठून कपाटातला त्यांचा लाडका लीगल कागद आणला आणि दुमडला. तो जवळपास चौरस, बुटका झाला. आणखी दुमडला तर परत उंच. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि गुपचूप बाजूला ठेवला.

मग रीमच्या वेष्टनावरचं '८० जीएसएम' निघालं. बाबा इतकी वर्षं तो कंपनीचा मार्का समजत होते. आई म्हणाली, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. सगळ्यात मोठा ए-झीरो एक चौरस मीटरचा, तो चार वेळा अर्धा केला की ए-फोर. म्हणजे सोळा ए-फोर मिळून एक चौरस मीटर आणि त्यांचं वजन ऐंशी ग्रॅम, एकाचं पाच. बाबांनी लगेच स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. सोळा कागद ठेवले. काटा ऐंशीच्या आसपास जाऊन थांबला.

"हे तू शाळेत शिकवायचीस?" बाबांनी विचारलं.

"वर्गमूळ दोन? दरवर्षी."

"आणि मला पत्ताच नाही."

"तुम्ही कोर्टात असायचात," आई म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. तिच्या गणिताची बाबांनी आजवर फक्त चेष्टा केली होती, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं म्हणून. त्या दिवशी ते तिच्या शेजारी बसून वाल सोलू लागले. सालाबरोबर निम्मी डाळही जात होती, पण आईने त्यांना उठवलं नाही.

सोमवारी बाबांनी बाररूममध्ये तिरकी घडी करून दाखवली. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एका ज्येष्ठांनी पानावर ओळी किती बसतात तेवढंच विचारलं. बाबांचं काही बिघडलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नवा दावा घेतला आणि ए-फोरवर स्वतः मसुदा केला. कोटाचा विषय मागे पडला.

आता दुपारच्या चहाला ते आईला काहीतरी विचारतात. परवा पाहुणे आले होते, त्यांना बाबा वर्गमूळ दोन अपूर्णांकात का मांडता येत नाही हे पटवून देत होते. मध्येच आईने त्यांना अडवलं, तुमची दुसरी पायरी चुकली म्हणाली. कोर्टात समोरच्या वकिलाने मध्ये तोंड घातलं तर बाबा त्याला फाडून खातात. इथे मात्र त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "ऐका, या सांगतील."