यकृतात पोचलेलं औषध

आष्ट्याच्या स्टँडवर माझी बॅग एसटीच्या टपावर चढवून धाकटा भाऊ विलास खाली उतरला, तेव्हा त्याला धाप लागली होती. नव्वदीची सुरुवात. यकृतात कावीळ मुरलीय, दर महिन्याला दाखवायला या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाला, "दादा, तू अमेरिकंला औषधच कराय चाललायस न्हवं? मग मिरजंच्या सुया मी कशाला खाऊ?" सगळे हसले. मीही.

तिथल्या लॅबमध्ये आम्ही आरएनएचे छोटे तुकडे चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळायचो. तुकडा पेशीत शिरून रोगाचा निरोप तिथंच दाबणार, अशी कल्पना. उघडा सोडला तर रक्तातच त्याचे तुकडे व्हायचे, म्हणून हे वेष्टन. उंदरांना टोचलेले कण फुप्फुसातल्या गाठीत जायला हवे होते. जायचे यकृतात. चरबी बदलली, आकार घटवला, तरी यकृतातच. बॉस वैतागून म्हणायचा, यकृत म्हणजे गटार. तिथं पोचणाऱ्या औषधाला पैसा कोण देणार?

आमच्याकडं एकाच सुईनं सारी गल्ली टोचून काढत होते, त्यातून कावीळ घरोघर यकृतात मुरत होती, आणि हा गटार म्हणत होता. विलासचं नाव जिभेवर आलं होतं. व्हिसा बॉसच्या सहीवर होता. गिळलं. ते कण कचऱ्यात गेले.

फोनवर विलास विचारायचा, "कुठवर आलं रं?" मी म्हणायचो, "चाललंय." त्यावर विसंबून तो मिरजेला गेलाच नाही. आमचं औषध झालं असतंच असं नाही. पण मिरजेला जा, एवढं सांगायला कुठली लॅब लागत होती?

विलास गेला. कण यकृतातच जातात तर यकृताचंच औषध करावं, हे पुढं कितीतरी वर्षांनी जगाला सुचलं. तसं औषध आलं, पेपरात आमच्या जुन्या लॅबचं नाव छापलं, आणि गावातून तुम्हा मंडळींचा फोन: सत्कार ठेवलाय. कसला सत्कार? स्टँडवर हसणारे आपणच ना सगळे? त्यातलं कोण त्याला हाताला धरून मिरजेला घेऊन गेलं?

मी आलो तो तुमच्या मंडपात न येता विलासच्या दारात गेलो आणि लॅबमधलं सगळं सांगून टाकलं. थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडणारी त्याची बायको शालन चौकटीत उभी राहिली. म्हणाली, "आवं दादा, तिकडं साहेबाला भ्यालासा, ते समाजलं. ह्यास्नी खोटं कशापायी सांगितलासा?"

तिनं चहा विचारला नाही, मी मागितला नाही. तुमची शाल ठेवा तुमच्याकडं. माझ्यावर रागवायचा हक्क असलेली ही एकच चौकट उरलीय. तिलाच मी घर म्हणतो.