गिरणीतली पाव किलो घट

आता सांगायला बसलोय खरा, पण यातलं किती नीट आठवतंय आणि किती मी मागाहून रचलंय, याची माझी मलाच खात्री नाही. वजनकाटा मी निवृत्त झालो त्याच वर्षी आणला की पुढच्या? मी म्हणतो त्याच वर्षी. आमची ही, म्हणजे सुधा, म्हणते पुढच्या. अशा वेळी आमच्या घरात कोणाचं खरं ठरतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्या काट्यावर मी जी माती खाल्ली, ती मात्र लख्ख आठवते. विसरावी असं फार वाटतं, म्हणूनच बहुधा विसरत नाही.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो. पीएच.डी. केली तीसुद्धा अचूक वजनं घेण्याच्या पद्धतींवर. मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत! मिरवायला सांगत नाही हो. उलट लाज वाटते म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

निवृत्त झालो आणि भीतीनं घेरलं. तसं काही कारण नव्हतं. वारज्यात स्वतःचा फ्लॅट, डोक्यावर कर्ज नाही, मुलगी लग्न होऊन विश्रांतवाडीला सुखात, दर महिन्याला पेन्शन. तरी वाटायचं, पुरेल का? दोघंही नव्वदीपर्यंत जगलो तर? डाळ अशीच महाग होत गेली तर? दुपारी आडवा झालो की वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघायचो आणि मग उठून तो बंद करायचो.

काटकसर आम्ही जन्मभर केली होती, पण ती ही करायची आणि मला कळायची नाही. आता मी ती शास्त्रीय पद्धतीनं करायला घेतली. टूथपेस्टची ट्यूब उभी कापली. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधली वेळ घड्याळ लावून बघितली. चहाचं दूध मोजपात्रानं मोजायला लागलो.

"अहो, हा चहा आहे की प्रॅक्टिकल?" ही म्हणाली.

"दिवसाला वीस मिलिलिटर दूध जास्त जातंय."

"जातंय कुठे? तुमच्याच पोटात जातंय ना?"

दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन आलो. चांगला इलेक्ट्रॉनिक, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो काटकसरीत बसतो का, असं हिनं विचारलं. ही गुंतवणूक आहे, असं मी सांगितलं.

दळण आणायचं काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं होतं. पंधरा दिवसांनी पाच किलो गहू, स्टीलच्या मोठ्या डब्यात. गिरणी आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच. चालवणारे बाबूराव. वारजं गाव होतं तेव्हापासूनचे इथले. भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं पांढरे झालेले असायचे आणि गिरणीच्या आवाजामुळे कमी बोलायचे. बोलले तर पुरेसं व्हायचं.

काटा आला तसं मी दळण मोजून न्यायला लागलो. निघताना गव्हाचा डबा काट्यावर ठेवायचा, आकडा टिपायचा. परत आलो की पिठाचा डबा ओट्यावर ठेवायचा. मग आपल्याकडे सगळेच करतात ते: झाकण काढून बाजूला. गरम पीठ झाकून ठेवलं तर त्याला घाम सुटतो, गुठळ्या होतात. हे हिनं मला चाळीस वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की झाकण काढायला माझा हात आपोआप जातो. पीठ जरा निवलं की डबा काट्यावर.

पहिल्याच वेळी दोनशे चाळीस ग्रॅम कमी भरलं.

"दळताना थोडी घट येतेच," ही म्हणाली.

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी."

असं उत्तर मी पहिल्या वर्षाच्या मुलाकडूनही चालवून घेतलं नसतं. पुढच्या खेपेला परत दोनशे चाळीस. मग मी मुद्दाम तीनच किलो नेले. दोनशे चाळीस! दोन किलो ज्वारी नेली. दोनशे चाळीस!

आता तुमच्यात कोणी शास्त्र शिकलेला असेल, तर तो इथेच हसायला लागला असेल. हसा. माल कितीही घ्या, तूट तेवढीच येते, म्हणजे चूक मालात नसते, मोजण्यात असते. हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मुलांचे मार्क कापले त्यासाठी. आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात माझ्या डोक्यात काय आलं? हा माणूस दर डब्यामागे ठरलेला वाटा काढून घेतोय!

मी गिरणीत गेलो. चार-पाच जण डबे घेऊन उभे होते.

"बाबूराव, आमचं पीठ दर खेपेला दोनशे चाळीस ग्रॅम कमी भरतंय."

त्यांनी गिरणी बंद केली. एवढी शांतता त्या जागेत मी पहिल्यांदाच ऐकली.

"काय म्हणता, सर?"

"माझ्याकडे नोंदी आहेत."

खिशातला कागद काढून मी पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. हाताला पीठ होतं म्हणून असेल, असं मला तेव्हा वाटलं.

"नोंदी तुमच्या, काटा तुमचा, मोजणारेबी तुमीच," बाबूराव म्हणाले. "मग चोर तेवढा माझ्याकडचा कसा वो?"

चोर हा शब्द मी वापरला नव्हता. पण आता तो सगळ्यांनी ऐकला होता. रांगेतल्या एक बाई आपल्या डब्याकडे संशयानं बघायला लागल्या. "काय हो, आमचंही कमी येत असेल का?"

"मोजून बघा," मी म्हणालो. वर आणखी शहाणपणा!

तेवढ्यावर थांबायचं ना माणसानं? पण नाही. घरी येऊन मी सोसायटीच्या ग्रुपवर लेख टाकला. 'दळणातील घट : एक निरीक्षण.' सोबत आलेख. एरवी मी काही टाकलं तर त्या ग्रुपवर स्मशानशांतता पसरते. या वेळी अंगठ्यांचा नुसता पाऊस! आमचे सेक्रेटरी जोशी यांनी लिहिलं, 'सर, आपण नसतात तर सोसायटी पिठापिठानं लुटली गेली असती.' मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझं ऐकत होतं.

हिला ते शेजारणीकडून कळलं.

"तुम्ही बाबूरावांना चोर म्हणालात?"

"चोर नाही म्हणालो. घट म्हणालो."

"चारचौघांत?"

"पाच जण असतील."

ती भाजी चिरायला लागली. विळीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

पुढच्या आठ-दहा दिवसांत लोक हायवेपलीकडच्या गिरणीत जायला लागले. बाबूरावांच्या दारात डब्यांची रांग असायची, तिथे आता नुसतं बाकडं. त्यावर बसून ते पेपर वाचताना दिसायचे. अंगावर पीठ नसलेले बाबूराव मी तोवर पाहिले नव्हते. त्यांचे केस काळे आहेत हे मला तेव्हा कळलं. पण आकडे होते ना माझ्याकडे! मी मनाला आकडे दाखवले.

पुढचं दळण मात्र त्यांच्याकडेच नेलं. सुधारणा झाली का, हे तपासायला नको? त्यांनी दळून दिलं. घरी आणलं, झाकण काढलं, मोजलं. पूर्ण भरलं! वर दहा ग्रॅम जास्तच.

"बघ!" मी हिला म्हणालो. "एका इशाऱ्यात माणूस सुधारला."

"छान झालं. मग आता ग्रुपवर लिहा तसं. लगेच लिहा."

मी लिहिलं, 'आनंददायक सुधारणा.' जोशींनी लिहिलं, 'सरांचा दणका!' लोक हळूहळू परत यायला लागले. पण दळताना गिरणीत डोकावून बघायचे, घरी नेऊन मोजायचे. बाबूराव मान खाली घालून दळत राहायचे. माझं दळण दर खेपेला पूर्ण भरत होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर 'जागरूक ग्राहक' या विषयावर मी दहा मिनिटं बोलावं, असं जोशींनी ठरवून टाकलं. मी आढेवेढे घेतले आणि त्याच दुपारी भाषण लिहायला बसलो.

आणि त्याच आठवड्यात ही चार दिवस मुलीकडे विश्रांतवाडीला गेली. मी दळण घेऊन आलो. घरात कोणी नाही, झाकण काढा म्हणणारं कोणी नाही, डोक्यात भाषणाची वाक्यं घोळत होती. डबा झाकणासकट तसाच काट्यावर ठेवला.

दोनशे चाळीस ग्रॅम जास्त!

मी काटा बंद करून चालू केला. तेवढंच. आता गव्हापेक्षा पीठ जास्त कसं भरेल? वस्तुमान निर्माण होत नाही, हे मी मुलांना शिकवत आलो. एकदम वाटलं, या माणसानं पिठात काहीतरी मिसळलंय! काय मिसळलंय ते बघायला घाईघाईनं झाकण उघडलं.

वजन बरोबर झालं.

झाकण लावलं. जास्त. काढलं. बरोबर. लावलं. काढलं. माझ्या हातात झाकण होतं आणि मी त्याच्याकडे असा बघत होतो जणू ते आत्ताच कोणीतरी शोधून काढलंय. नुसतं झाकण काट्यावर ठेवलं.

दोनशे चाळीस.

मी स्वयंपाकघरातल्या फरशीवरच बसलो. जाताना झाकणासकट मोजत होतो आणि आल्यावर झाकणाशिवाय. एवढंच! बाबूरावांनी चिमूटभर पीठही कधी घेतलं नव्हतं.

पण खरा धक्का त्याच्या पुढचा होता. तो यायला मला आणखी पाच मिनिटं लागली. झाकणाशिवाय मोजूनही इतके दिवस पीठ पूर्ण भरत होतं. म्हणजे? म्हणजे दर खेपेला बाबूराव पदरचं पाव किलो पीठ माझ्या डब्यात टाकत होते. चोर होता तर! तो आमच्याच घरात राहत होता, आणि झेंडावंदनाला भाषण करणार होता.

तसाच उठलो, पायात चपला सरकवल्या आणि गिरणीत गेलो. माणसं होती. म्हटलं, आरोप माणसांसमोर केला, तर हेही माणसांसमोरच व्हायला हवं.

"बाबूराव, गिरणी जरा बंद करता?"

त्यांनी केली. चेहऱ्यावर 'आता काय आणखी?' असं स्वच्छ लिहिलेलं.

"चूक माझी होती. मी झाकण मोजत नव्हतो."

रांगेतल्या त्याच बाई म्हणाल्या, "कसलं झाकण?"

"डब्याचं. जाताना मोजायचो, येताना नाही."

बाबूरावांनी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "मला म्हाईत हाय, सर."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"दोनशे चाळीस म्हंजे झाकण. गिरणीवाल्याला डब्याचं झाकण वळकू येत न्हाई व्हय? पर तुमी कागद घिऊन आलता. कागदाफुडं म्या काय बोलायचं?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतक्या दिवसांच्या पिठाचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "माझं काय बुडालं न्हाई. एक करा. ते गुरपवर जसं छापलं, तसंच हेबी छापा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

थीसिस लिहायला जेवढा त्रास झाला नव्हता, तेवढा त्या चार ओळींना झाला. 'खुलासा. बाबूरावांच्या गिरणीत पिठाची कोणतीही घट होत नव्हती. मी डब्याच्या झाकणाचं वजन धरलं नव्हतं. दोष संपूर्णपणे माझा आहे. बाबूरावांची क्षमा मागतो.' टाकला. मग एकानं लिहिलं, 'सर, झाकणाचाही आलेख टाका.' दुसऱ्यानं लिहिलं, 'झाकण आता सुखरूप आहे ना?' शेवटी जोशी आले. 'सर, सव्वीस तारखेचा विषय बदलू या का?'

बदलला नाही, रद्दच केला. पण दोन दिवसांत बाकड्यासमोर पुन्हा पहिल्यासारखी डब्यांची रांग लागली आणि बाबूरावांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. डोकावून बघणं थांबलं. आज विचाराल तर, मला बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं. तेवढी रांग परत हवी होती.

ही परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं झालं, कळलं एकदाचं," एवढंच म्हणाली आणि पिशवीतून मुलीनं दिलेले लाडू काढले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी बाबूरावांनी गुडघ्यांमुळे गिरणी बंद केली. शेवटचं दळण घेऊन आम्ही दोघं त्या बाकड्यावर बसलो होतो. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं.

"बाबूराव, ज्यानं तुम्हाला चोर ठरवलं, त्याच्या डब्यात तुम्ही इतके दिवस फुकट पीठ टाकलंत. एवढं मोठं मन कुठून आणलंत?"

"फुकट?" बाबूराव माझ्याकडे बघतच राहिले. "फुकट कोण म्हणलं तुम्हाला? वहिनी दिऊन गेलत्या की पैशे. तुमी कागद घिऊन आलता, त्याच्या दुसऱ्याच दिशी. म्हणल्या, वजन बरोबर आलं की ते आपनच लिवतील, तुमचं गिऱ्हाईक तुटायचं न्हाई. झाकणाचं मी सांगत न्हाई, त्यांचं त्यांना सापडू द्या. लई शिकल्यात, दोन दळणांत सापडंल. दोनच दळणांचे दिलते बघा त्यांनी. मग काय, फुडं वहिनीस्नी दर दळणाला यावं लागलं."

मी घरी आलो. ही मेथी निवडत बसली होती. विचारलं, खरं का?

खरं होतं. पैसे तिनं दोनच दळणांचे नेले होते. मला आठ लागली.